धावपट्टीचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या तंत्रनिकेतनात प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात. डांबराच्या प्रयोगशाळेत मुलंमुली टेबलांभोवती उभी असतात. कुणी खडी तापवतं, कुणी वितळलेलं डांबर मोजून ओततं, कुणी साच्यात भरलेल्या मिश्रणावर हातोड्याचे घाव घालतं. बाहेर कडुलिंब फुललेला असतो. त्याचा गोडसर कडू वास खिडकीपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. आत दुसऱ्या कुठल्या वासाला जागाच नसते. उन्हाळा म्हटलं की लोकांना मोगरा आठवतो, वाळा आठवतो. मला तापलेलं डांबर आठवतं, आणि उन्हाळे कितीतरी गेले असले तरी आठवतो तो एकच.

काल एका मुलीनं परीक्षा आटोपल्यावर गरम पाण्याच्या टाकीचा कॉक उघडला. डांबराच्या मिश्रणाचे गोळे दाबून फोडायच्या आधी ज्या टाकीत बुडवून ठेवतात तिला आम्ही नुसतं बाथ म्हणतो. बाथमधलं पाणी मोरीकडे वाहायला लागलं. वाफाळतं, नितळ, वर तेलकट सायीसारखी पुसट झाक. मुलीनं काही चुकीचं केलेलं नव्हतं. काम झालं की पाणी सोडायचंच असतं. मी मात्र कारण नसताना व्हरांड्यात येऊन उभी राहिले.

त्या वर्षी आमच्या बीड जिल्ह्यात सलग दुसऱ्यांदा पावसानं पाठ फिरवली होती. पालीजवळच्या धरणाचा तळ उघडा पडून तडकला होता, आणि एसटीतून जाताना लोक खिडकीबाहेर न बघता समोरच्या सीटकडे बघत बसायचे. ऊस नव्हता म्हणून सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम झालाच नव्हता. चिमणी थंड होती. ऊस टाकायच्या गव्हाणीत कुत्री सावलीला झोपायची. पण कारखान्याच्या मागच्या माळावर रात्रंदिवस डंपर चालू होते. तिथं धावपट्टी होत होती. चेअरमन साहेबांचं ते जुनं स्वप्न होतं आणि आता त्याला निमित्तही मिळालं होतं. दुष्काळाची पाहणी करायला मंत्री येणार होते, आणि ते विमानानं येणार होते.

मी त्या कामावर मिश्रणाची तपासणी करणारी इंजिनिअर होते. माझं माहेर परळीचं. वडील औष्णिक वीज केंद्रात होते. आमच्याकडे वाळत घातलेले कपडे घरात घेण्याआधी झटकायची सवय होती, कारण त्यांवर राख बसलेली असायची. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात शिक्षणाचा जो ध्यास शिरला होता त्याचं मी फळ होते, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. धावपट्टीचं काम मिळालं तेव्हा आई खूश झाली त्याचं कारण वेगळंच होतं. शिरूर कासारकडच्या त्या माळाला लागूनच आमच्या लोकांची वस्ती होती, आणि वस्तीत तिची थोरली बहीण राहायची. कौसामावशी.

मावशी दरसाल दसरा झाला की मुलगा-सुनेबरोबर ऊस तोडायला पश्चिमेकडं जायची. त्या साली मुकादम आलेच नाहीत. मुलगा-सून पुण्याला बांधकामावर गेली. मावशी मागं राहिली, कारण तिच्याकडे शेळ्या होत्या. शेळ्या पुण्याला नेता येत नाहीत, असं तिनं मला फार गंभीरपणे समजावून सांगितलं होतं.

धावपट्टीचं डांबर रस्त्याच्या डांबरासारखं नसतं. रस्त्यावरून बैलगाडी जाते, ट्रक जातो, खड्डा पडला तर लोक शिव्या देऊन वळसा घालतात. विमानाला वळसा घालता येत नाही. एक खडा सुटून वर उडाला तरी इंजिनात जाऊ शकतो. म्हणून खडी किती, बारीक चुरी किती, डांबर किती हे आधी प्रयोगशाळेत ठरवावं लागतं. डांबर कमी पडलं तर खडी सुटते, जास्त झालं तर मेच्या उन्हात ते वर येऊन चकाकतं आणि चाक घसरतं. वेगवेगळ्या प्रमाणांचे गोळे करायचे, ते गरम पाण्यात बुडवायचे, मग यंत्राखाली दाबून फोडायचे. कुठला गोळा किती जोर सोसतो आणि फुटण्याआधी किती दबतो, ते बघायचं. मला हे काम मनापासून आवडायचं. आजही आवडतं. फुटलेल्या गोळ्याच्या आतली काळी चमक बघताना मला त्या दिवसांतही आनंद व्हायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे कारखान्याच्या खताच्या गोदामातली एक खोली. मदतीला गफूरभाई होते, पन्नाशीचे, पूर्वी कारखान्याच्या बॉयलरवर असलेले. त्यांना उष्णतेचं भय नव्हतं. बाथला लागणारं पाणी कामावरच्या टँकरमधून यायचं, आणि ते गोड्या विहिरीचं पाणी होतं. खारट पाण्यानं बाथच्या आतल्या कॉइलवर थर चढतो, म्हणून चांगलंच पाणी हवं, असा आमच्या मॅनेजर साहेबांचा दंडक होता. वस्तीला सरकारी टँकर यायचा तो गावातून उरलेलं घेऊन. गावची विहीर भरली की मग वस्ती. पुष्कळदा वस्तीपर्यंत नुसताच टँकरचा आवाज यायचा.

पहिल्या आठवड्यातच बाथचं पाणी सोडताना मला खिडकीतून मावशी दिसली. गोदामाच्या मागं जिथं आमचा पाईप उघड्यावर पाणी सोडायचा तिथं ती हंडा लावून उभी होती. मी बाहेर धावले आणि म्हटलं की हे डांबराचं पाणी आहे, पिऊ नकोस. ती म्हणाली की पिणार नाही, शेळ्यांना ठेवीन, भांडी धुईन. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे चहा प्याले तेव्हा त्यात मला तोच वास आला. मी कप खाली ठेवला नाही. तिचं माझ्याकडे बारीक लक्ष होतं.

बाथचं पाणी रोज बदलायची काही गरज नसते. मी रोज बदलायला लागले. मग सकाळ-संध्याकाळ बदलायला लागले. गोळे टाकायच्या आधीच कॉक सोडायचे, म्हणजे पाणी स्वच्छ जायचं. गफूरभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून न सांगता पाणी तापवायचंही बंद केलं. पाईपाखाली बायका वाढत गेल्या. सगळ्या आमच्याच वस्तीतल्या. त्या आपसात भांडत नव्हत्या, बोलतही नव्हत्या. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून हंड्याचा आवाजसुद्धा होऊ द्यायच्या नाहीत.

लक्ष गेलंच. कामाचे मॅनेजर कुलथे साहेब हे ओरडणारे गृहस्थ नव्हते. नीटनेटके, बिनसाखरेचा चहा पिणारे, माझ्यासारख्या कनिष्ठ मुलीलाही मॅडम म्हणणारे. ते गोदामाच्या मागं गेले, बायकांची रांग बघून परत आले आणि खुर्चीवर बसले. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी अधिकारी पाहणीला येणार आहेत, त्यांना इथं पाण्यासाठी रांग दिसली तर ते बरं दिसेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं की पाणी तसंही वायाच जातं. त्यावर ते हसले. मग गफूरभाईंकडे वळून, झाडाला औषध मारायला सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "उद्यापासून पाणी सोडायच्या आधी त्यात लोटाभर डिझेल टाकत जा. रांग आपोआप मोडेल."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः समोर उभे राहिले. गफूरभाईंनी डिझेल ओतलं आणि हात पुसत बसले, पुष्कळ वेळ पुसत बसले. खिडकीतून मला मावशी दिसत होती. हंडा अर्धा भरल्यावर तिनं तो नाकाजवळ नेला. खाली ठेवला. मागच्या बाईला काहीतरी सांगितलं. ती बाई तरीही पुढं झाली, तिनं आपला हंडा भरला, कदाचित वरचं तेल काढून टाकता येईल असं तिला वाटलं असेल. बाकीच्या रिकाम्या हंड्यांनी परत गेल्या. तरीही कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मावशी धावपट्टीच्या कामावर लागली. मला न विचारता ती तिथल्या मुकादमाकडे गेली होती. यंत्र जिथं पोचत नाही तिथं, पट्टीच्या अगदी कडेला, गरम मिश्रण घमेल्यांनी टाकून फावड्यानं सारखं करावं लागतं. त्यासाठी बायका लागत होत्या, आणि कामावरच्या बाईला संध्याकाळी टँकरमधून एक घागर पाणी मिळायचं. मजुरीसाठी नव्हे, त्या घागरीसाठी वस्तीतली प्रत्येक धडधाकट बाई तिथं आली. म्हणजे आधी मी पाणी सोडलं म्हणून रांग लागली, रांग लागली म्हणून डिझेल आलं, आणि डिझेल आलं म्हणून मावशी त्या डांबरावर गेली. हे मी तेव्हा इतकं सरळ जोडलं नव्हतं. आता वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी असते तेव्हा ते आपोआप जोडलं जातं.

मेच्या दुपारी त्या माळावर सावली म्हणून काही नव्हतं. आकाश पत्र्यासारखं पांढरं, खाली काळं डांबर, आणि मधल्या हवेत सगळंच थरथरतंय. रोलर मागंपुढं करत होता. त्याच्या लोखंडी चाकांवर सारखं पाणी शिंपडावं लागतं, नाही तर गरम मिश्रण चाकाला चिकटून उचललं जातं. टँकर शेजारीच उभा होता. त्याचा पाईप रोलरच्या टाकीत सोडलेला होता. मी थर्मामीटर घेऊन डंपरमधल्या मिश्रणाचं तापमान बघत चालले होते. बायकांनी पायांना गोणपाट गुंडाळलं होतं, वर टायरच्या चपला. तोंडावर पदर. त्यांतली मावशी कोणती ते मी चालण्यावरून ओळखायची.

ती पडली नाही. फक्त घमेलं तिरकं झालं आणि त्यातलं मिश्रण तिच्या पावलावर घसरलं. गोणपाटानं ते धरून ठेवलं. ती ओरडलीसुद्धा नाही, एका जागी उभी राहिली आणि पाय उचलायचा प्रयत्न करत राहिली. मी पोचले तेव्हा धूर येत होता.

डांबरानं भाजलं की एकच करायचं असतं. ताबडतोब पाणी, भरपूर पाणी, आणि पुष्कळ वेळ. डांबर ओढून काढायचं नाही, नाही तर कातडी त्याच्याबरोबर येते. हे मला शिकवलेलं होतं. मी टँकरवाल्याला पाईप इकडे आण म्हणून सांगितलं. तो कुलथे साहेबांकडे बघू लागला. साहेब जवळ आले, मावशीच्या पायाकडे वाकून बघितलं. बाईला बाजूला घ्या, डिझेलनं पुसा म्हणजे निघेल, असं त्यांनी मुकादमाला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"पाणी रोलरचं आहे, मॅडम. मिश्रण थंड होतंय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मिश्रण खरंच थंड होत होतं, आणि थंड झालं की ते नीट दाबलं जात नाही. माझ्याच हातातला थर्मामीटर तेच सांगत होता. मी पाईप ओढून काढला. रोलरच्या टाकीत तळाला होतं तेवढंच पाणी उरलं. मी मावशीला खाली बसवलं आणि पावलावर धार धरली. तिच्या पायावरून पाणी वाहून काळ्या डांबरावर जात होतं आणि लगेच वाफ होऊन वर येत होतं. बायका घमेली घेऊन भोवती उभ्या होत्या. मावशी पायाकडे बघतच नव्हती. ती वाहून जाणारं पाणी बघत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बास की गं, सुमे. बास. किती सांडतीस."

मागं रोलर कोरडा पडला. तव्याला चिकटलेली भाकरी उलथन्यावर फाटत यावी तसं मिश्रण चाकाला लागून पट्ट्यापट्ट्यांनी उचललं गेलं. ऑपरेटरनं रोलर थांबवला तोवर बरीच लांबी बिघडली होती. कुलथे साहेब शांतपणे तिथं जाऊन उभे राहिले. त्यांनी बुटाच्या टोकानं एक उचललेला तुकडा परत जागेवर बसवून बघितला. तो बसला नाही.

मला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. मी मावशीबरोबर बीडच्या सरकारी दवाखान्यात असताना गफूरभाईंनी येऊन सांगितलं. मान खाली घालून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वस्तीतल्या सगळ्याच बायकांना काढलं होतं. त्यांच्या जागी दुसऱ्या गावच्या आणल्या होत्या. वस्तीतली माणसं आणली की नातीगोती निघतात आणि काम अडतं, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

डॉक्टर म्हणाले की पाणी वेळेवर पडलं म्हणून पाऊल वाचलं. दोन बोटं काढावी लागली. मी ते वाक्य मावशीला सांगितलं, पाऊल वाचलं हे आधी आणि बोटांचं नंतर. तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिनं वस्तीतल्या बायकांचं विचारलं. मी खोटं बोलू शकले असते, पण तिला कुणी ना कुणी सांगितलंच असतं. मी सांगितलं.

"पाय माजा व्हता, सुमे," ती म्हणाली. "लोकांच्या घागरी व्हत्या. तू कावून मधी पडलीस?"

मी म्हणाले की पाय जळत होता. ती म्हणाली, जळत होता हे तिला ठाऊक होतं.

पुढं मी तिला घेऊन वस्तीवर राहिले. ड्रेसिंग करायची, शेळ्या बघायची, टँकरची वाट बघायची. विहाराच्या ओट्यावर बायका बसायच्या, त्या मी आले की पदर सावरून उठायच्या. कुणी वाईट बोललं नाही. फक्त पूर्वी मावशीकडे कुणी ना कुणी कालवण घेऊन यायचं, ते थांबलं. एकदा शेजारची बाई माझ्यादेखत मावशीला म्हणाली की तुझ्या भाचीला काय, ती शिकलेली हाय, तिला दुसरीकडं लागंल काम. मावशीनं तिला उत्तर दिलं नाही, आणि मला वाटलं होतं की ती देईल. त्या रागात मी एक दिवस बॅग भरली. मग ड्रेसिंगची वेळ झाली आणि बॅग तशीच राहिली. शेळ्या आम्ही एकेक करून विकल्या. शेवटची शेळी गेली तेव्हा मावशीनं दावं सोडून गुंडाळलं आणि उशाखाली ठेवलं. पुण्याला जायला आता काही अडचण नाही, असं ती म्हणाली, पण त्या पायानं बांधकामावर तिला कुणी घेतलं नसतं.

माझे विद्यार्थी कधीकधी विचारतात की मॅडम, तुम्ही मोठ्या कामावर होता, मग इकडं शिकवायला का आलात. मी त्यांना सांगते की मला शिकवायला आवडतं. तेही खरं आहे. पण वर्गात भाजल्यावर काय करायचं हे शिकवताना मी ते दोनदा सांगते, आणि ते सांगताना माझ्याच कानांना माझा आवाज कडक वाटतो. पाईप ओढायचा की नाही, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला. प्रत्येक वेळी मी पाईप ओढते. प्रत्येक वेळी त्या बायका घमेली घेऊन भोवती उभ्या असतात.

मंत्री आले त्या दिवशी सकाळपासून गावोगावची माणसं ट्रॅक्टरांनी आणून तारेच्या कुंपणाशी उभी केली होती. मावशीला चालता येत नव्हतं. तिनं मला बाज बाहेर लिंबाखाली काढायला लावली आणि तोंड माळाकडं करून घेतलं. वस्तीच्या उंचवट्यावरून धावपट्टी पूर्ण दिसायची. फाटलेला तुकडा त्यांनी खरवडून पुन्हा केला होता, आणि लांबून सगळं एकसारखं काळं दिसत होतं. मला नको वाटत असूनही अभिमान वाटला. प्रमाण माझंच होतं.

विमान लहानसं होतं, पांढरं. ते एकदा वरून गेलं, वळलं, आणि दुसऱ्या बाजूनं खाली आलं. चाकं टेकली तिथं निळसर धुराचा एक झुबका उठला आणि विरला. ते धावत आमच्या समोरून गेलं आणि थांबलं. कुंपणाशी टाळ्या वाजल्या. मावशी कोपरावर उठून बसली होती. लहान मुलीसारखा तिचा चेहरा खुलला होता, आणि मला वाटलं की आता सगळं थोडं हलकं होईल.

"आमी टाकल्यालं कोन्तं त्यातलं?" तिनं विचारलं.

मी बोट दाखवलं. कडेची पट्टी, पांढऱ्या रेषेच्या बाहेरची.

"तिथनं गेलं का त्याचं चाक?"

मी सांगितलं की नाही, विमान मधूनच जातं, कडेला चाक येत नसतं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. माळावर मंत्र्यांना हार घालत होते. वस्तीतल्या काही बायका रिकामे हंडे घेऊन पुढं सरकल्या होत्या आणि पोलीस त्यांना हातानं मागं रेटत होते.

"चाक येत न्हाई, तर मग तिथं येवढं गरम कावून टाकाया लावलं?"

याचं उत्तर मला येत होतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं. मी तिला सांगितलं की कड गरम असतानाच दाबून घट्ट करावी लागते, नाही तर तिथून आत पाणी शिरतं, आणि पाणी शिरलं की धावपट्टी खराब होते.

मावशीनं माळाकडं बघितलं. पट्टीच्या पलीकडं, जिथवर नजर जात होती तिथवर, पिवळी, भेगाळलेली जमीन होती.

"कोन्तं पानी?" ती म्हणाली.

ती मला टोचून बोलत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली.